नऊशे शब्दांचा डॉक्टर

शाळेत असताना 'च'ची भाषा बोलला नाही, असं तुमच्यात क्वचितच कुणी असेल. बाईंना कळू नये, घरच्यांना कळू नये, मागच्या बाकावरच्या चोंबड्याला तर अजिबात कळू नये, म्हणून ती भाषा. कॉलेजात आल्यावर 'च' सुटतो, पण ग्रुपचे कोडवर्ड येतातच. कुठल्या सरांना काय म्हणायचं, लेक्चर बंक करायचंय हे कसं सुचवायचं, सगळं ठरलेलं. या सगळ्या भाषांचं काम एकच, बाकीच्यांना बाहेर ठेवायचं.

साधारण दीडशे वर्षांपूर्वी वॉर्सा शहरातल्या एका शाळकरी पोराने याच्या बरोब्बर उलटं करायचं ठरवलं. जगातल्या कुणालाही आत येता यावं अशी भाषा बनवायची. व्याकरण चार पानांत मावेल इतकं, आणि पाठ करायला लागतील ते शब्द कमीत कमी. वेडेपणाच म्हणा ना! पण पोरगं हट्टी होतं. त्याचं नाव लुडविक लाझार झामेनहॉफ, आणि त्याने घडवलेली भाषा म्हणजे एस्पेरांतो.

एस्पेरांतोचं नाव तुम्ही क्विझमध्ये किंवा भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपवर पाहिलं असेल. पण इतक्या थोड्या शब्दांनी सुरू झालेली भाषा वाढली कशी, आणि ती वाढावी म्हणून तिच्या बापाला काय काय सोडावं लागलं, ती गोष्ट जरा वेगळी आहे.

चार भाषांचं गाव

लुडविकचा जन्म १५ डिसेंबर १८५९चा, ब्यालिस्टॉक गावातला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे, तेव्हा तिथे रशियाच्या झारचं राज्य होतं. कापडाच्या कारखान्यांचं गाव. बाजार एकच, पण त्यात रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू असे चार समाज वावरायचे, प्रत्येकाची भाषा वेगळी आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय. झामेनहॉफ कुटुंब ज्यू. वडील मार्कुस भाषा आणि भूगोल शिकवायचे, शिस्तीला कडक. आई रोझालिया मायाळू. लुडविक थोरला, पाठीवर भावंडांची रांग.

घरात त्याला शिकवलं जायचं की सगळी माणसं एकमेकांची भावंडं. दाराबाहेर पाऊल टाकलं की मात्र माणूस असा कुणी भेटायचाच नाही. भेटायचे ते रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू. टोमणे, शिव्या, मारामाऱ्या, आणि त्यातला मोठा वाटा ज्यू पोरांच्या नशिबी. लुडविकच्या बालबुद्धीने निष्कर्ष काढला की यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही, म्हणून ही भांडणं. मोठं झाल्यावर मी हे निस्तरणार, असं त्याने मनाशी पक्कं केलं. भांडणाची कारणं याहून खोल असतात हे त्याला पुढे कळलं, पण तोवर भाषेचं वेड डोक्यात बसलं होतं.

१८७३ साली कुटुंब वॉर्सात आलं. तिथल्या शाळेत लॅटिन आणि ग्रीक होतं. लुडविकला वाटलं, नवीन भाषा कशाला, लॅटिनच पुन्हा सुरू करू! ज्यांनी शाळेत 'देवः देवौ देवाः' घोकलंय त्यांना पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. रूपांचं ते जंगल पाहून त्याचा उत्साह मावळला. मग तो इंग्रजी शिकला आणि चाटच पडला. नामाला लिंगाप्रमाणे शेपूट नाही, क्रियापदाची रूपं जेमतेम, आणि तरी भाषा चालतेय की! व्याकरण अगदी बारीक करता येतं हे त्याला उमगलं. त्याने कात्री चालवली आणि काही दिवसांतच व्याकरण चार पानांवर आणून ठेवलं.

डिक्शनरीचा डोंगर

व्याकरण कापता येतं, शब्दांचं काय? जगात वस्तू लाखो, प्रत्येकीला नाव हवं. जाडजूड डिक्शनऱ्या बघून तो खचायचा. एवढं सगळं पाठ करावं लागणार असेल, तर कामाला जाणारा माणूस ही भाषा शिकणार कधी?

पहिला उपाय त्याने गणिती डोक्याने काढला. शब्द लहानात लहान करायचे. 'एकमेकांशी बोलणं' यासाठी लांबलचक शब्द कशाला, 'पा' म्हटलं तरी पुरे. मग त्याने अक्षरांच्या जोड्या ओळीने लिहिल्या, आब, आक, आद असं करत, आणि एकेका जोडीला एकेक अर्थ चिकटवला. कागदावर हे फारच सुटसुटीत दिसत होतं. फक्त एक गोची झाली. ते शब्द खुद्द त्यालाच आठवेनात! ज्याने केले त्याच्याच लक्षात राहत नाहीत, तर जग काय पाठ करणार?

आपण मोबाइल नंबर पाठ करत नाही, पण सिनेमाची गाणी बरोब्बर आठवतात, तसंच हे. शब्दाला कुठेतरी ओळखीचा धागा लागतो. लुडविकने त्या जोड्या टाकून दिल्या आणि युरोपातल्या मोठ्या भाषांमध्ये आधीच फिरत असलेले शब्द उचलायचं ठरवलं. पण डोंगर होता तेवढाच राहिला.

दुकानाची पाटी

सुटकेचा रस्ता त्याला शाळेच्या वाटेवर सापडला. वॉर्सात दुकानांवर रशियन पाट्या असायच्या. एका इमारतीत पहारेकऱ्याच्या खोलीवर पाटी होती 'श्वेइत्सार्स्काया'. पुढे मिठाईच्या दुकानावर पाटी 'कोंदितेर्स्काया'. कितीदा तरी त्या त्याच्या नजरेखालून गेल्या होत्या. एक दिवस त्याचं लक्ष शेवटच्या 'स्काया'कडे गेलं. 'श्वेइत्सार' म्हणजे पहारेकरी, 'कोंदितेर' म्हणजे मिठाईवाला. शेपूट एकच, आणि त्या शेपटाने माणसाच्या नावापासून जागेचं नाव तयार झालं होतं.

आपल्याला हे नवीन नाही. दवाखाना, कारखाना, छापखाना, तोफखाना. 'खाना' एकदा कळला की पुढचे शब्द फुकटात मिळतात. फरक एवढाच, की मराठीत किंवा रशियनमध्ये असे प्रत्यय मनाला येईल तिथे लागतात आणि मनाला येईल तिथे नाही. 'शिकणंखाना' म्हटलंत तर मित्र हसतील. लुडविकच्या मनात आलं, माझ्या भाषेत हा प्रत्यय सगळीकडे लागला तर? एकही अपवाद नाही, कुणाची परवानगी नाही.

त्याच्या भाषेत पुढे जे पक्कं झालं त्यातलं एक उदाहरण घेऊ. 'साना' म्हणजे निरोगी. आधी 'माल' लावला की अर्थ उलटा होतो, म्हणून 'मालसाना' म्हणजे आजारी. 'उलो' म्हणजे तसा माणूस, म्हणून 'मालसानुलो' म्हणजे पेशंट. 'एयो' म्हणजे जागा, म्हणून 'मालसानुलेयो' म्हणजे हॉस्पिटल. पाठ केला एकच शब्द, हाती आले चार. आता तुम्ही करून बघा. 'लेर्नी' म्हणजे शिकणं, तर शाळा म्हणजे काय? 'लेर्नेयो'. 'वेंदी' म्हणजे विकणं, तर दुकान? 'वेंदेयो'. 'इलो' म्हणजे साधन आणि 'त्रांची' म्हणजे कापणं, तर सुरी? 'त्रांचीलो'. अजून पाच मिनिटंही झाली नाहीत आणि कुणीही न शिकवलेले शब्द तुम्ही बनवलेत. डोंगर एकदम टेकडीएवढा झाला तो असा.

केक, गाणं आणि वह्या

१८७८च्या डिसेंबरात लुडविकचा एकोणिसावा वाढदिवस झाला. आसपासच्याच दिवसात वर्गातली मित्रमंडळी घरी जमली. टेबलावर केक होता आणि नव्या भाषेची व्याकरणाची व शब्दांची कागदपत्रं होती. तेव्हा भाषेचं नाव होतं 'लिंग्वे उनिवेर्साला'. पोरांनी त्या भाषेत भाषणं ठोकली, उभं राहून गाणं म्हटलं. माणसामाणसांतलं वैर संपू दे, असा त्या गाण्याचा सूर होता. तरुण वयात जगाला वाचवायला निघालेल्या कुठल्याही ग्रुपचा असतो तसला तो जल्लोष.

पुढे काय झालं तेही ओळखीचं आहे. शाळा संपली, पोरं पांगली. मोठ्यांनी चेष्टा केली आणि एकेकाने अंग काढून घेतलं. लुडविक एकटा उरला. वडिलांना काळजी, की पोरगं या नादात वाया जाईल. त्यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं की डॉक्टर होईपर्यंत भाषेला हात लावायचा नाही. त्याने वह्या वडिलांच्या हवाली केल्या आणि १८७९ साली मेडिकलला मॉस्कोला गेला.

दोन वर्षांनी पैशाअभावी तो वॉर्साला परतला, पुढचं शिक्षण तिथेच घ्यायला. चरित्रकार सांगतात की वह्यांची चौकशी केली तेव्हा वडिलांनी त्या कधीच जाळून टाकल्याचं समजलं. काय वाटलं असेल त्याला? तुमच्या लॅपटॉपमधला चार वर्षांचा प्रोजेक्ट घरच्यांनी तुमच्या भल्यासाठी डिलीट केला तर काय वाटेल, त्यावरून अंदाज करा. लुडविकने आदळआपट केल्याचं कुठे दिसत नाही. जेवढं आठवत होतं तेवढं त्याने पुन्हा लिहून काढलं. त्यात एक फायदाही झाला. जे शब्द सहज आठवले ते खरंच टिकाऊ होते.

१८८१च्या अखेरीस वॉर्सात ज्यूंवर हल्ले झाले. काही काळ तो ज्यूंच्या वेगळ्या मायभूमीच्या चळवळीत रमला. पण एका समाजाची सुटका दुसऱ्यापासून दूर जाऊन होईल हे त्याच्या मनाला पटेना आणि तो पुन्हा भाषेकडे वळला. या काळात तो तिच्यात फक्त लिहायचा. भाषांतरं करायचा, स्वतःचं काही लिहायचा. वहीत छान दिसणारा शब्द वाक्यात बोजड वाटला की तो बदलायचा. हळूहळू एक दिवस असा आला की मनातल्या मनात भाषांतर करायची गरज उरली नाही. विचारच त्या भाषेत येऊ लागला. मग त्याने ओळखलं, की आता ही तयार झाली.

सासऱ्यांच्या पैशातून पुस्तक

१८८५ साली लुडविक डॉक्टर झाला. लहान गावात प्रॅक्टिस सुरू केली, पण शेवटच्या घटका मोजणारे पेशंट या हळव्या माणसाला बघवेनात. म्हणून त्याने डोळ्यांचं शास्त्र धरलं, व्हिएन्नाला जाऊन ते शिकून आला आणि वॉर्सात दवाखाना थाटला. आता 'तो'ऐवजी डॉक्टरसाहेब म्हणायला हवं.

डॉक्टरांनी दोन वर्षं प्रकाशक शोधला, कुणी तयार होईना. अशात त्यांची गाठ क्लारा झिल्बेर्निकशी पडली. कोव्ह्नो शहरातल्या साबण कारखानदाराची ही मुलगी. डॉक्टरांनी लग्नाआधीच तिला दोन गोष्टी सांगून टाकल्या, एक आपला कंगाल खिसा आणि दुसरी आपली भाषा. क्लारा घाबरली नाही. सासरेबुवाही दिलदार निघाले. त्यांच्याच पैशातून २६ जुलै १८८७ रोजी पुस्तक बाहेर आलं आणि दोनच आठवड्यांनी, ९ ऑगस्टला, दोघांचं लग्न झालं. नव्या संसाराची सुरुवात पत्ते लिहिण्यात आणि पाकिटं चिकटवण्यात गेली.

पुस्तक रशियन भाषेत होतं, चाळीस पानांचं. सोळा नियमांचं व्याकरण, थोडे नमुने, आणि घडी घातलेल्या एकाच कागदावर छापलेली डिक्शनरी. तीत मूळ शब्द होते सुमारे ९००. आपण रोज वापरतो त्याच्या तुलनेत हे काहीच नाही. लेखकाच्या जागी नाव होतं डॉक्टर एस्पेरांतो, म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर. खरं नाव टाकलं तर डोळे दाखवायला पेशंट यायचे नाहीत, ही धास्ती असणारच. लोकांनी पुढे तेच टोपणनाव भाषेला चिकटवून टाकलं.

पुस्तकात कुपनंही होती. फाडायची, सही करायची आणि पाठवायची. एक कोटी लोकांनी असंच वचन दिलं तर मीही ही भाषा शिकेन, एवढाच त्यातला करार. एक कोटी कुपनं अर्थातच आली नाहीत. १८८९ साली डॉक्टरांनी भाषा शिकलेल्यांची पत्त्यांची यादी छापली, तीत नावं होती एक हजार. पण कोटीची वाट न पाहता शिकून मोकळे झालेले हे हजार जण होते.

चावी लोकांच्या हाती

त्या काळात बाजारात आणखी एक बनवलेली भाषा जोरात होती, व्होलाप्यूक. योहान मार्टिन श्लायर नावाच्या जर्मन धर्मगुरूंनी ती केली होती. तिचे क्लब होते, मासिकं होती, परिषदा होत्या. पण शब्द इतके मोडून-तोडून घेतलेले की मूळ ओळखू येऊ नये. आणि मोठा घोळ दुसराच होता. नवा शब्द घ्यायचा की नाही यावर शेवटचा निर्णय आपलाच, असा श्लायर यांचा आग्रह. अनुयायांना बदल हवे होते, ते देईनात. काही वर्षांतच डोलारा कोसळला. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गचा व्होलाप्यूक क्लब तर सरळ एस्पेरांतोकडे आला, आणि तिथूनच १८८९ साली एस्पेरांतोचं पहिलं मासिक निघालं.

झामेनहॉफ यांनी मात्र पहिल्याच पुस्तकात जाहीर केलं होतं की या भाषेवर माझा कसलाही हक्क नाही. पुढच्या वर्षी, १८८८मध्ये, त्यांनी अजून स्पष्ट केलं. आपण सुरुवात करून देणारे, निर्माता म्हणवून घेणार नाही. जो शब्द नाही तो वापरणाऱ्यांनी घडवावा. चांगला असेल तर बाकीचे उचलतील, नसेल तर विरून जाईल. एकोणतिसाव्या वर्षी, आयुष्याची दहाहून अधिक वर्षं घातलेली वस्तू त्यांनी अशी देऊन टाकली. तिची रॉयल्टी नाही, पेटंट नाही. घरात मात्र चणचण. क्लाराने आणलेला पैसा पुस्तकांत संपला होता, दवाखाना चालत नव्हता. गावं बदलावी लागली, खेर्सन झालं, ग्रोद्नो झालं. शेवटी वॉर्सातल्या गरीब ज्यू वस्तीत दवाखाना लागला. तिथले पेशंट फार फी देऊ शकत नव्हते, पण ते यायचे तरी. दिवसभर डोळे तपासायचे आणि रात्री शब्द.

शब्द वाढवायची डॉक्टरांची पद्धत साधी होती. मोठमोठी पुस्तकं भाषांतराला घ्यायची. १८९४ साली त्यांचं हॅम्लेटचं भाषांतर प्रसिद्ध झालं. ज्या भाषेत सात वर्षांपूर्वी नऊशे शब्द होते तिच्यात शेक्सपियर! जिथे अडेल तिथे आधी प्रत्यय लावून बघायचा, दोन शब्द जोडून बघायचे. तेही जमेना तेव्हाच नवा शब्द. पुढे अँडरसनच्या परीकथा आल्या, बायबलचा जुना करार आला. शिवाय एक नियम पहिल्यापासून होता. जो शब्द बहुतेक भाषांनी एकाच मुळातून घेतलाय, तो फक्त स्पेलिंग बदलून घ्यावा. म्हणून नाटकघर 'तेआत्रो' आणि फोन 'तेलेफोनो'.

बदलायचं की टिकवायचं

लोकांच्या हाती चावी दिली की लोक कुलूपही बदलायला बघतात. कुणाला टोपीवाली अक्षरं नको होती, कुणाला कर्माचा प्रत्यय. मासिकाला पैसे पुरवणाऱ्यांनीही सुधारणांचा लकडा लावला. १८९४ साली डॉक्टरांनी स्वतःच बदलांचा आराखडा तयार केला आणि वर्गणीदारांचं मत घेतलं. निम्म्याहून जास्त मतं पडली, काहीही बदलू नका अशी. डॉक्टरांनी आपलाच आराखडा मुकाट्याने बाजूला ठेवला. पुढच्या वर्षी त्या मासिकात टॉलस्टॉय यांचं लिखाण छापून आलं आणि झारच्या सेन्सॉरने मासिकाला रशियाची दारं बंद केली. बहुतेक वर्गणीदार तिथलेच, त्यामुळे मासिक बुडालं.

तरीही भाषा बुडाली नाही. ऑगस्ट १९०५मध्ये फ्रान्सच्या बूलॉन्य-सूर-मेर या बंदराच्या गावी पहिलं जागतिक संमेलन भरलं. २० देशांतून ६८८ माणसं आली. तोवर बहुतेकांची भाषा पत्रांतच होती. इंग्रजाचा उच्चार रशियनला कळेल का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दुभाषी एकही नव्हता. पण लोक बोलले, हसले, नाटक केलं, आणि सगळ्यांना सगळं कळलं.

या संमेलनात डॉक्टरांना एक कडू घोटही घ्यावा लागला. फ्रान्समध्ये ड्रेफस प्रकरणावरून ज्यूद्वेष धुमसत होता. संयोजकांना डॉक्टरांचं ज्यू असणं फार पुढे यायला नको होतं. त्यांच्या कवितेत सगळ्या धर्मांच्या माणसांना एकाच देवाची लेकरं म्हणणारं शेवटचं कडवं होतं, ते गाळायला लावलं. माणसं जोडायला बनवलेल्या भाषेच्या पहिल्याच मेळाव्यात हे झालं.

याच संमेलनाने शब्दांच्या वाढीचा प्रश्न मिटवला. सोळा नियम आणि तोवरचा अडीच हजारांहून जास्त शब्दांचा कोश हा पाया ठरला. त्याला कुणी हात लावायचा नाही, खुद्द झामेनहॉफ यांनीही नाही. पण पायावर मजले कितीही चढवा. नवा शब्द आणायचा तर जुन्याच्या शेजारी आणून ठेवायचा, जुन्याला हाकलायचं नाही. लोकांनी नवा उचलला तर जुना आपोआप अडगळीत जाईल. भाषेवर लक्ष ठेवायला समितीही नेमली गेली. तिने १९०९मध्ये पहिली शब्दांची भर अधिकृत केली. असा नववा हप्ता आला तो २००७ साली.

खरी परीक्षा १९०७मध्ये झाली. पॅरिसमध्ये विद्वानांची एक कमिटी आंतरराष्ट्रीय भाषा निवडायला बसली. एस्पेरांतोची बाजू मांडायला लुई द बोफ्रों यांना पाठवलं होतं, आणि तेच शेवटी सुधारित भाषेच्या बाजूला गेले. या नव्या भाषेचं नाव इदो, म्हणजे चक्क एस्पेरांतोमधलं 'अपत्य'. तर्काच्या दृष्टीने इदोत काही गोष्टी सरस होत्या. चळवळीतले बरेच पुढारी तिकडे गेले, साधे सभासद मात्र राहिले. त्यांनी कष्टाने भाषा शिकली होती, त्यांना दर दोन वर्षांनी नवा सिलॅबस नको होता. डॉक्टर त्यांच्या बाजूने उभे राहिले. भाषेला सतत दुरुस्त करत बसलं तर ती बोलायची कधी, हा त्यांचा हिशेब. इदोत नंतरही दुरुस्त्या होत राहिल्या आणि तिचा गोतावळा आटत गेला.

रिकामं संमेलन

१९१४चं संमेलन पॅरिसला होतं, २ ऑगस्टपासून. साडेतीन हजारांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं होतं. डॉक्टर आणि क्लारा निघाले, जर्मनीतल्या कलोनपर्यंत पोहोचले आणि महायुद्ध सुरू झालं. सरहद्दी बंद झाल्या. स्कँडिनेव्हियाचा भलामोठा वळसा घालून दोघं कसेबसे वॉर्साला परतले. ज्या देशांचे लोक एका मांडवात बसून गप्पा मारणार होते, ते खंदकांत एकमेकांसमोर उभे होते.

डॉक्टरांचं हृदय आधीच कमजोर झालं होतं. १९१५मध्ये त्यांनी मुत्सद्द्यांना उद्देशून लिहिलं. युद्धानंतर नकाशे आखताना प्रत्येक देश तिथे राहणाऱ्या सगळ्यांचा सारखाच असू द्या, एवढी त्यांची मागणी होती. नुसत्या भाषेने हे होणार नाही, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. १४ एप्रिल १९१७ रोजी, ५७व्या वर्षी, ते गेले. युद्धामुळे परदेशातून फारसं कुणी येऊ शकलं नाही. अंत्ययात्रेत त्यांचे गरीब पेशंट चालत होते.

पुढचं ते पाहायला नव्हते तेच बरं. हिटलरने आपल्या पुस्तकात एस्पेरांतोला ज्यूंचं हत्यार ठरवलं होतं. स्टालिनच्या राज्यात एस्पेरांतो बोलणारे हेर ठरले आणि मारले गेले. डॉक्टरांचा मुलगा अ‍ॅडम, तोही डोळ्यांचा डॉक्टर, १९४०च्या जानेवारीत नाझींच्या गोळ्यांना बळी पडला. झोफिया आणि लिदिया या दोन्ही मुली १९४२मध्ये ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारल्या गेल्या. वॉर्साच्या घेट्टोतून लोकांना छावणीच्या रेल्वेकडे ज्या रस्त्याने हाकलत नेलं जायचं, त्या रस्त्याला नाव होतं झामेनहॉफ यांचं.

आणि तो नऊशेचा कागद?

तो वाढत राहिला. १९७०मध्ये निघालेल्या मोठ्या कोशात १५ हजारांहून जास्त नोंदी होत्या. भांडणं संपली नाहीत, ती आजही रंगतात. म्हातारा म्हणजे 'मालयुना', शब्दशः 'तरुण नसलेला'. हंगेरीतल्या कवींना ते ओळीत बसायला लांब वाटलं, त्यांनी आखूड शब्द आणले, त्यातला एक 'ओल्दा'. काहींना ते आवडतात. काही म्हणतात, असे शब्द आणत बसलो तर डोंगर पुन्हा उभा राहील. हॉस्पिटलला 'मालसानुलेयो' म्हणणारे आहेत आणि सरळ 'होस्पितालो' म्हणणारेही. जुना शब्द कुणी हाकलला नाही, नव्याला कुणी अडवलं नाही. अलीकडे जेमतेम सव्वाशे शब्दांची टोकी पोना नावाची भाषा तरुणांमध्ये लोकप्रिय आहे. तिथेही वाद हाच, अजून शब्द घ्यायचे की आहेत त्यांतच भागवायचं.

झामेनहॉफ यांनी कॉम्प्युटर पाहिला नाही. पण हिशेब करणं म्हणजे 'कोंपुती' आणि साधन म्हणजे 'इलो', म्हणून त्याचं नाव झालं 'कोंपुतीलो'. मोबाइल म्हणजे खिशातला फोन, 'पोश-तेलेफोनो'. ईमेल म्हणजे जाळ्यावरची टपाल, 'रेत्पोश्तो'. एस्पेरांतोच्या विकिपीडियावर आज तीन लाखांहून जास्त लेख आहेत. पहिली भाषा म्हणून घरातच एस्पेरांतो शिकलेली मुलंही जगात आहेत. सगळं जग ती बोलत नाही, एक कोटी कुपनं अजून भरायची आहेत. पण जी माणसं ती बोलतात, त्यांच्यातला कुणीही उद्या नवीन वस्तू दिसली तर तिला नाव देऊ शकतो, आणि त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. वॉर्साच्या त्या पोराला एवढंच तर हवं होतं.

दर १५ डिसेंबरला जगभरचे एस्पेरांतोवाले त्यांचा वाढदिवस पुस्तकं विकत घेऊन साजरा करतात. आणि हो, डोळ्यांच्या डॉक्टरला त्यांच्या भाषेत काय म्हणतात माहितीये? 'ओकुलो' म्हणजे डोळा, आणि 'इस्तो' म्हणजे तो धंदा करणारा. पुढचं तुमचं तुम्हीच जोडा.